प्रपंचातील निर्मिती : गोरोबांचे अंगण आणि वरच्या नर्मदेकाठची भिंत

१. एका वाक्याची तपासणी

‘संसार सांभाळून कला जोपासली’ हे वाक्य मराठी गौरवग्रंथांत, सत्काराच्या भाषणांत आणि पुस्तकांच्या प्रस्तावनांत इतक्या वेळा येते की ते एक विधान आहे, याचाच विसर पडतो. विधान म्हणून पाहिले तर त्यात तीन गृहीतके दडलेली दिसतात. संसार आणि कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी संसार हे ओझे असून कला ही त्या ओझ्यातून वाचवलेली शिल्लक आहे. आणि हे वाचवण्याचे श्रेय प्रामुख्याने स्त्रीला द्यायचे असते. पुरुष कलावंताविषयी लिहिताना हेच वाक्य उलटे होते. त्याने संसाराकडे पाठ फिरवून साधना केलेली असते आणि ती फिरवलेली पाठ त्याच्या तन्मयतेचा पुरावा ठरते.

या गृहीतकांमागे आपल्या परंपरेतील प्रपंच आणि परमार्थ हे जुने द्वंद्व आहे. आधुनिक समीक्षेने परमार्थाची भाषा बाजूला ठेवली, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाही. तेथे कलेला बसवले. प्रपंच मात्र होता तेथेच राहिला. ग्रामीण घरात भाकरी, पाणी, मूल, जनावर आणि सणवार यांच्यामध्ये जी मडकी घडतात व ज्या भिंती रंगतात, त्यांचे आकलन करताना ही मांडणी अपुरी पडते. तेथे प्रपंच हा निर्मितीचा अडथळा नसतो, तिची पार्श्वभूमीही नसतो. तिच्या घाटाचा, वेळेचा आणि नैतिक जबाबदारीचा तो एक घटक असतो. हे सांगणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

त्यासाठी दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहिली आहेत. पहिले तेरढोकीच्या गोरा कुंभाराचे अंगण, जे आपल्याला कथेतून भेटते. दुसरे जबलपूरच्या पूर्वेला, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधान गोंडांच्या घराची भिंत, जी पुढे कागदावर आणि ग्रंथात आली. ही जोडी यदृच्छेने केलेली नाही. जबलपूर आणि मंडला हा प्रदेश १८१७-१८पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८६१मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि १ नोव्हेंबर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच राजकीय घटकात नांदले. तथापि या सहवासाचा लाभ मराठी समीक्षेने फारसा घेतला नाही. दुर्गा भागवतांनी मध्य प्रांतातील गोंडांमध्ये केलेले क्षेत्रकार्य आपल्याला ठाऊक आहे, पण बहुधा त्यांच्या दीर्घ आजारपणाच्या हकिकतीचा भाग म्हणून. वेरिअर एल्विन यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांचा वरच्या नर्मदा खोऱ्यातील परधानांवरील ग्रंथ १९४६मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचा उल्लेख मराठी वाङ्मयविचारात क्वचितच आढळतो.

२. अंगणातील चिखल

गोरोबांची कथा सर्वपरिचित आहे. पण ती ज्या क्रमाने घडते तो क्रम आपण सहसा वाचत नाही. महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) ती घरोघर पोचली. पत्नी पाण्याला जाते. जाताना रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवायला नवऱ्याला सांगते. नवरा पायांनी माती तुडवीत असतो आणि नामस्मरणात त्याचे भान हरपलेले असते. मूल मातीत येते आणि तुडवले जाते. पत्नी परत येते, आक्रोश करते, आणि संतापलेला गोरोबा तिच्यावर धावून जातो तेव्हा ती त्याला विठ्ठलाची आण घालून स्पर्शास मनाई करते. पुढे तिच्याच पुढाकाराने तिच्या बहिणीशी त्याचा विवाह होतो. दोघींना समान वागवण्याच्या सासऱ्याच्या शब्दामुळे ती आण दोघींना लागू होते. एका रात्री आण मोडल्याचे ध्यानात येताच तो स्वतःचे हात तोडतो. विठ्ठल वेष पालटून त्याच्या घरी राबतो. अखेर पंढरपूरच्या कीर्तनात हात परत येतात आणि मूलही रांगत येते.

भक्तिपरंपरा ही कथा तल्लीनतेची कसोटी म्हणून वाचते. आधुनिक वाचकाला त्यात क्रौर्य दिसते आणि तो चमत्काराचा भाग वगळून पुढे जातो. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट निसटते. ती अशी की कथेचा आरंभ श्रमविभागणीने होतो. एकच अंगण आहे, त्यात माती तुडवण्याचे काम आहे आणि मूल सांभाळण्याचेही. पाणी आणायला कोणीतरी गेले आहे. ते पाणी घरात लागते तसे मातीलाही लागते; कुंभारकामात पाणी हा कच्चा माल आहे. म्हणजे गोरोबांचे भान हरपते तेव्हा त्या हरपण्याला लागणारी सामग्री दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावरून येत असते. कुंभाराच्या घरातील व्यवहाराशी हे चित्र जुळते. माती आणणे, चाळणे, तीत राख किंवा लीद मिसळणे, मळणे, वाळत घातलेली मडकी उन्हातून सावलीत हलवणे, आवा रचताना हाताशी राहणे आणि बाजारात विकायला बसणे ही कामे घरातल्या स्त्रिया व मुले करीत आली. चाक मात्र पुरुषाचे. स्त्रीने चाकाला हात लावू नये ही रूढी भारताच्या बहुतेक भागांत आढळते. तिला निसर्गनियम मानण्याचे कारण नाही. मणिपूरमधील आंद्रो गावात चाकाविना, हाताने भांडी घडवण्याची परंपरा विवाहित स्त्रियांचीच आहे.

दुसरी निसटणारी गोष्ट म्हणजे पत्नीची आण. ती विठ्ठलाच्या नावाने घातलेली आहे. ज्या नामात नवऱ्याचे भान हरपले, त्याच नामाने ती त्याचे हात बांधते. परमार्थाचे परिमाण तिने प्रपंचाच्या बाजूने वापरले आणि कथेने तिचा हा अधिकार मान्य केला. गोरोबा आण मोडत नाही. मोडली असे वाटताच शिक्षा स्वतःच्या हातांना देतो. कुंभाराचे हात जाणे म्हणजे कसब जाणे. यानंतर त्याच्या घरी चाक फिरवायला देवाला यावे लागते. प्रपंच सोडून परमार्थाकडे जाण्याचा मार्ग येथे कोठेच सुचवलेला नाही. उलट परमार्थच मजूर म्हणून प्रपंचात दाखल होतो, आणि मूल परत आल्याखेरीज कथा संपायला तयार होत नाही. निव्वळ तन्मयतेचा गौरव हा तिचा उद्देश असता, तर ती मातीत थांबली असती.

गोरोबांच्या घराशी जोडलेली दुसरी कथा कच्च्या मडक्याची. संतमंडळी जमली असता मुक्ताबाई कोपऱ्यातील थापटण्याविषयी विचारते. मडके भाजले की कच्चे राहिले हे त्याने कळते, असे गोरोबा सांगतात. मग ती माणसांचीच परीक्षा घ्यायला सुचवते आणि नामदेव कच्चे ठरतात. मराठी परंपरेतील मूल्यमापनाचा हा एक विख्यात प्रसंग आहे. त्यातील साधन घरातल्या कामाचे आहे, ते कसोटीसाठी उचलण्याची कल्पना एका मुलीची आहे, आणि कसोटी डोळ्यांची नसून कानांची आहे. तेरच्या मातीला गोरोबांपूर्वीही मोठा इतिहास आहे. प्राचीन तगर नगराच्या या भूमीत सापडलेल्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती तेथील लामतुरे संग्रहालयात आहेत. पण संग्रहालयातील मातीला आपण पाहतो. गोरोबांच्या अंगणातील मातीला वाजवून ऐकावे लागते. वस्तूला घरातून उचलून काचेआड ठेवले की ही दुसरी कसोटी संपते.

घर गळून पडण्याची ही प्रक्रिया अलीकडच्या काळातही दाखवता येते. १९६१च्या ‘प्रपंच’ या चित्रपटात दारिद्र्याने पिचलेल्या, लेकुरवाळ्या कुंभार कुटुंबाची कथा आहे. शाहीर अमर शेख यांनी त्यात कुंभाराची भूमिका केली. ग. दि. माडगूळकरांनी त्यासाठी लिहिलेले, विठ्ठलालाच कुंभार म्हणून संबोधणारे गीत सुधीर फडके यांच्या स्वरात अजरामर झाले. आज ते भक्तिगीत म्हणून गायले जाते. त्यातला घडवणारा आणि फोडणारा देव श्रोत्यांना आठवतो. ज्या घरात खाणारी तोंडे वाढत होती आणि आवा पेटत नव्हता, ते घर आठवत नाही. घट म्हणजे देह हे रूपक आपल्या कवितेत इतके सराईत झाले आहे की मडक्यावरून थेट अध्यात्माकडे जाता येते. वाटेत कुंभारणीचे घर लागत नाही.

३. भिंत आणि तिचा कागद

वरच्या नर्मदा खोऱ्यातील गोंड घरांत मातीची आणि रंगाची कामे वेगळी काढता येत नाहीत. भिंत मातीची असते, ती लिंपावी लागते, आणि लिंपण्याच्या ओघातच तिच्यावर आकार येतात. भिंतीवर मातीचे उठाव काढण्याच्या पद्धतीला नोहडोरा म्हणतात. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यावर, दाराभोवती, चुलीजवळ शेणाने सारवलेल्या जागेवर पांढरी छुई, पिवळी माती, गेरू आणि काळा रंग यांनी काढलेल्या भौमितिक रचनांना डिगना म्हणतात. लग्नकार्य आणि सणाच्या आधी हे काम होते, पावसाळ्यात ते पुसट होते आणि पुन्हा केले जाते. ते घरातील स्त्रिया करतात आणि मुली पाहून पाहून शिकतात. रांगोळी आणि सारवण माहीत असलेल्या मराठी वाचकाला या कामाची लय नवी वाटू नये.

येथे रूपाचा एक मुद्दा मांडावासा वाटतो. डिगन्याची रचना लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांची असते. असा घटक पूर्ण करून हात थांबवता येतो. चुलीवरचे उतू जायला लागले, मूल रडले, गाय सुटली, तर उठता येते आणि परतल्यावर पुढचा घटक सुरू करता येतो. पुनरावृत्तीला आपण बहुधा ‘अलंकरण’ म्हणतो आणि तिची कारणमीमांसा परंपरेत, प्रतीकांत किंवा आदिम मनात शोधतो. पण व्यत्यय सहन करण्याची क्षमता हाही या रचनेचा गुण आहे. गोरोबांना भान हरपण्याची मुभा होती, कारण पाणी दुसरे कोणी आणत होते. भिंत रंगवणाऱ्या स्त्रीला ती मुभा नाही. तिची कला भान ठेवून करायची कला आहे, आणि तिच्या आकृतिबंधात ते भान उतरलेले आहे. हे अनुमान आहे याची मला जाणीव आहे. मात्र ओवीकडे पाहिले तर त्याला आधार मिळतो. जात्याच्या फेऱ्याबरोबर चालणारी, कोठेही थांबणारी आणि पुन्हा जोडून घेता येणारी ओवी हाही असाच व्यत्ययक्षम आकृतिबंध आहे. दळणाऱ्या स्त्रीची ओवी आणि लिंपणाऱ्या स्त्रीचा डिगना यांची तुलना विषयांपेक्षा या रचनातत्त्वावर अधिक फलदायी होईल.

या भिंतीचे पुढे काय झाले हे कलेतिहासात नोंदले गेले आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भोपाळला भारत भवनाचे उद्घाटन झाले. तेथील रूपंकर संग्रहालयासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण कलावंतांना मध्य प्रदेशच्या खेड्यापाड्यांत पाठवले होते. पाटनगढच्या एका घराच्या भिंतीवरील चित्रांमुळे जनगढसिंह श्याम या परधान तरुणाकडे त्यांचे लक्ष गेले. पाटनगढ तेव्हा मंडला जिल्ह्यात होते. १९९८पासून ते दिंडोरी जिल्ह्यात आहे. एल्विन यांचे वास्तव्य काही काळ याच गावात होते. जनगढ भोपाळला आले, कागद, कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग त्यांच्या हाती आले. भोपाळच्या विधानभवनात त्यांनी भित्तिचित्रे केली. १९८९मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिएँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती; वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचीही होती. २००१मध्ये जपानमधील मिथिला संग्रहालयात वास्तव्यास असताना जनगढ यांनी मृत्यूला जवळ केले. घरापासून दूर, एकट्याने काम करण्याच्या त्या अवस्थेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही.

प्रयोजन आहे ते त्यांच्या चित्रातील दोन वारशांचे. परधान हे गोंडांचे गाथाकार. बडा देवाचे अधिष्ठान मानलेले बाना हे तंतुवाद्य वाजवीत यजमानांच्या घरी जाऊन वंशकथा आणि देवकथा गाणे हे परधान पुरुषांचे काम. भिंत रंगवणे स्त्रियांचे. जनगढांच्या चित्रात पुरुषांच्या गाण्यातील देव, प्राणी आणि झाडे आली. पण त्या आकृत्या ज्या ठिपक्यांनी, रेघांनी आणि लयबद्ध भरणाने सजीव होतात, त्या भरणाचा संबंध भिंतीशी आणि गोंदणाशी, म्हणजे स्त्रियांच्या कामाशी आणि देहाशी पोचतो. या शैलीला पुढे ‘जनगढ कलम’ हे नाव उदयन वाजपेयी यांनी दिले. नाव सार्थ आहे. पण ते एका व्यक्तीचे आहे. प्रत्यक्षात भोपाळच्या घरात जनगढांनी गावाकडच्या नातलगांना बोलावून घेतले, त्यांनी आधी त्यांच्या चित्रांत भरण केले आणि मग ते स्वतंत्रपणे काम करू लागले. पत्नी नानकुसिया, पुढे मुलगी जापानी आणि मुलगा मयंक, पुतण्या भज्जू श्याम असा हा विस्तार आहे. ज्याला आपण घराणे किंवा शैली म्हणतो, ते येथे शब्दशः घर आहे. चूल एक, छप्पर एक आणि चित्रही अनेक हातांचे.

वारली चित्राच्या बाबतीत हेच स्थित्यंतर महाराष्ट्राने पाहिले. पालघाट देवीचा लग्नचौक सुवासिनींनी काढायचा, धवलेरीने त्यासमोर गायचे. त्याशिवाय विवाह पुरा होत नाही. कागद आल्यावर चित्राला विधीपासून मोकळीक मिळाली, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या प्रतिभावंताला कथनाचे नवे अवकाश सापडले, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र चौक काढणाऱ्या सुवासिनींचे नाव कोठे नोंदले गेले नाही. लग्न हा प्रपंचाचा आरंभ. त्याची भिंत ज्यांनी रंगवली त्यांना आपण ‘परंपरा’ म्हटले आणि कागद ज्याने रंगवला त्याला ‘कलावंत’.

याचा अर्थ कागदामुळे हानीच झाली असा घेऊ नये. मंडला भागातील बुरबासपूर येथे जन्मलेल्या दुर्गाबाई व्याम यांनी लहानपणी आजीकडून डिगना शिकून घेतला. गावात राहिल्या असत्या तर त्यांच्या भिंती दर पावसाळ्यात धुऊन गेल्या असत्या. भोपाळला आल्यावर जनगढ आणि आनंदसिंह श्याम यांच्या मार्गदर्शनाने त्या कागदाकडे वळल्या. भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्यासमवेत त्यांनी केलेले ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६) जगभर गेले, २००८मध्ये त्याला बोलोन्याचा पुरस्कार मिळाला. २०२२मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली. कागदाने स्त्रीला सही दिली, मोबदला दिला. भिंतीचे गुणगान करताना भिंतीने तिला यांपैकी काहीही दिले नव्हते, हे विसरणे म्हणजे दुसऱ्या बाजूने तीच चूक करणे होय.

४. मडके, पाणी, आणि ‘भीमायन’

घरगुती निर्मितीचे गोडवे गाणाऱ्या लेखनापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो : या घरातले मडके कोणाला शिवता येत होते? त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) कुंभार हा बलुतेदार आहे, वर्षभर भांडी पुरवावीत आणि सुगीत धान्य घ्यावे असा त्याचा व्यवहार. संक्रांतीचे सुगड, नवरात्राचा घट, उन्हाळ्यातला रांजण, अंत्यविधीचे मडके अशी जन्मापासून मरणापर्यंतची साखळी त्याच्या चाकावरून निघते. पण मातीच्या भांड्याला एक गुणधर्म चिकटवला गेला. धातूचे भांडे घासून शुद्ध करता येते, मातीचे भांडे ‘विटाळले’ की फोडावे लागते. म्हणून जातिव्यवस्थेची स्पर्शरेषा मडक्याइतकी स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही घरगुती वस्तूत उमटलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, याचा उल्लेख केला आहे. ते मडकेही कोणत्या तरी कुंभाराच्या अंगणात वाळले असणार. ग्रामीण कारागिरीच्या सौंदर्यावर लिहिताना ही आठवण गैरसोयीची असते. पण तिला वगळून झालेले सौंदर्यविवेचन कच्चेच राहते.

या ठिकाणी ‘भीमायन’ (२०११) या चित्रग्रंथाचे महत्त्व लक्षात येते. ‘नवयान’ने प्रसिद्ध केलेल्या या इंग्रजी पुस्तकाची संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या दांपत्याची. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांतील प्रसंग त्याचा आधार आहेत, आणि त्याचा पहिला भागच पाणी हा आहे. १९०१मध्ये मसूर स्थानकावर उतरलेल्या, बरोबर अन्न असूनही पाणी न मिळाल्याने उपाशी राहिलेल्या मुलांची ती हकिकत मराठी वाचकाला परिचित आहे. एका मराठी जीवनाची ही कथा बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिली आणि परधान गोंड दांपत्याने चित्रभाषेत उतरवली. तौलनिक साहित्याभ्यासाला याहून अनुरूप संहिता विरळाच सापडेल. मूळचा कल मूर्तिकामाकडे असलेले सुभाष आणि भिंतीवरून आलेल्या दुर्गाबाई यांचा हात त्यात एकत्र आहे; कोणती रेघ कोणाची हे सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही वाटत नाही.

या दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडायचे नाकारले. चित्रकथेच्या प्रचलित चौकोनी खणांऐवजी त्यांनी पाने डिगन्याच्या वळणदार पट्ट्यांनी विभागली. माणसांना श्वास घ्यायला जागा हवी, ही त्यांची भूमिका. घराच्या भिंतीच्या कडेला असणारा डिगना येथे कथनाची कडा झाला. बोलण्याच्या फुग्यांतही भेद केला : सौम्य शब्दांना पक्ष्याचा आकार, विखारी शब्दांना विंचवाची नांगी. महाडच्या सभेच्या चित्रात ध्वनिवर्धकांतून निघणारे भाषण पाण्याच्या धारा होऊन लोकांवर पडते. सभेतल्या भाषणाला पाणी करणे ही कल्पना वरवर रूपकाची वाटते. पण पाणी भरणे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांच्या हातून ती आली आहे, हे ध्यानात घेतले की तिचे वजन बदलते. ज्या घरात हंडा डोक्यावरून येतो, त्या घराला पाणी नाकारले जाणे म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. स्वतः व्याम दांपत्य आदिवासी आहे. दलित अनुभव त्यांचा नाही. त्या अनुभवापर्यंत ते प्रपंचाच्या वाटेने, तहान, मूल, निवारा यांच्या ओळखीने पोचले. या मार्गाच्या मर्यादाही आहेत. गोंड चित्रसृष्टीतील प्राण्यांची आणि झाडांची रम्यता काही पानांवर अपमानाची धार बोथट करते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी गैरलागू नाही. परंतु सहानुभूतीच्या उसन्या भाषेपेक्षा ही ओळख अधिक प्रामाणिक आहे.

जबलपूरच्या संदर्भात एक योगायोग नोंदवतो. संविधानाच्या मूळ हस्तलिखितातील उद्देशिकेचे पृष्ठ नंदलाल बोस यांचे शिष्य, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी अलंकृत केले. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचे तहानलेले बालपण त्याच परिसरातल्या खेड्यांतून आलेल्या हातांनी रंगवले. पहिल्या कामामागे शांतिनिकेतनचे शिक्षण होते, दुसऱ्यामागे आजीने दाखवलेला डिगना. राष्ट्राच्या कलेतिहासात पहिल्याला ‘चित्रकला’ आणि दुसऱ्याला ‘लोककला’ म्हणण्याची प्रथा आहे. दोन्ही पानांच्या कडा पाहिल्या की ही विभागणी कशाच्या आधारावर टिकते, असा प्रश्न पडतो.

५. थापटण्याचा आवाज

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष संभवतात. एक, घरातील निर्मितीचा अभ्यास करताना तन्मयता हा निकष सर्वत्र लावता येत नाही. काही कला भान हरपून होतात, काही भान राखून; दुसऱ्या प्रकाराचा आकृतिबंध वेगळा असतो आणि त्याला कमी प्रतीचा मानण्यास आधार नाही. दोन, कर्तृत्वाची नोंद व्यक्तीच्या नावाने करताना त्यामागील घराची नोंदही झाली पाहिजे. माती कोणी मळली, भरण कोणी केले, मूल कोणी धरले, हे प्रश्न चरित्राच्या तळटिपेत ढकलण्याजोगे नाहीत. ते रूपविवेचनाचे प्रश्न आहेत. तीन, प्रपंचाचा गौरव करताना त्याची स्पर्शरेषा झाकली जाऊ नये. अंगण सर्वांसाठी उघडे नव्हते, हेही त्या अंगणाचेच सत्य आहे.

मराठी तौलनिक अभ्यासापुढे यातून काही कामे उभी राहतात. हिवाळे यांचा ग्रंथ मराठी वाङ्मयचर्चेत आणणे, ओवी आणि डिगना यांचा रचनेच्या अंगाने अभ्यास करणे, ‘भीमायना’चे दलित आत्मकथनांच्या शेजारी वाचन करणे ही त्यांपैकी निकडीची. वारली चौक काढणाऱ्या आणि धवलेरीसमोर बसणाऱ्या ज्या स्त्रिया आज हयात आहेत, त्यांच्याकडून कामाच्या क्रमाची आणि वेळेची नोंद करून घेणे हे काम तर लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

आरंभीच्या वाक्याकडे परत येतो. ‘संसार सांभाळून कला जोपासली’ यावर गोरोबांचे थापटणे मारले तर कसला आवाज येईल? वाक्य सद्भावनेचे आहे, पण ते भाजलेले नाही. दुर्गाबाईंच्या आजीने संसार सांभाळून भिंत रंगवली नाही. भिंत रंगवणे हा तिच्या संसाराचा भाग होता, जसे पाणी आणणे होते. गोरोबांच्या पत्नीलाही कोणी कलावंत म्हटलेले नाही. ती पाण्याला गेली होती. त्या पाण्यावाचून माती मळली गेली नसती, आणि ती परत आली नसती तर मुलाचा हिशेब मागणारे त्या अंगणात कोणीही नव्हते.